जागा पसंत पडेपर्यंत

१० जानेवारी २००५, कर्वेनगर

नोकरी लागली. कोथरूडला श्रीधर सरांचं खाजगी सहलींचं ऑफिस आहे, तिथे ड्रायव्हर. गाडी पांढरी इंडिका, एसीवाली, मागच्या सीटवर रोज धुतलेला टॉवेल. इथे सगळ्यांना एकच सहल नसते. ज्याचा त्याचा कागद असतो: कोण आहे, काय आवडतं, काय बोलायचं. अमेरिकेतल्या आजोबांना त्यांची जुनी शाळा दाखवायची आणि गप्प राहायचं. कॉम्प्युटरवाल्या जोडप्याला शांत जागी न्यायचं आणि आरसा वर फिरवायचा. मी सातवी नापास, कागद वाचायला वेळ लागतो. सर म्हणाले, सुखदेवराव, आपलं वाचन होईस्तोवर पाहुण्यांचा व्हिसा संपेल. म्हणून ही वही. रोज लिहायला सांगितलंय.

गावी शेजाऱ्यांकडे फोन करून द्वारकाला बोलावलं. बहीण बारावीला आहे. माय शेतात जाते, दिवसभर घरी ती एकटीच. जूनमध्ये तिला इथे नर्सिंगला आणायचं. ती म्हणाली, आधी तू रस्ते शिक, मंग मले आण.

२४ जानेवारी

सर 'मले' म्हणू देत नाहीत. ते म्हणतात, पाहुण्याला वाटतं तू मेलास. निरोप द्यायचंही शिकवलं. दार उघडायचं, हात जोडायचे आणि 'या' म्हणायचं. पुण्यात पाहुण्याला 'जा' म्हणत नाहीत. मी सांगितलं, आमच्या मेहकरकडेही नाही म्हणत. सर म्हणाले, वा, म्हणजे एक गोष्ट तरी आयती येते.

७ फेब्रुवारी

आजचा कागद विचित्र. प्रवासी एक, नाव नाही. आवड: राहण्याजोगी जागा. पसंत पडेपर्यंत फिरवणे. बुकिंग हिंमतरावांचं. हिंजवडीकडे त्यांचं शेत आणि विहीर होती, आता तिथे कंपनीची काचेची इमारत आहे. त्यांनी मागचं दार उघडलं, जरा थांबले, लावलं. बसलं कोणीच नाही. पण सीट दबली, गाडी एका अंगाला झुकली. हिंमतराव म्हणाले, आमच्या हिरीवरचं हाय. हीर बुजवली, आता त्याला जागा नको व्हय? आवडली की आपोआप उतरंल, तू आरशात बघू नको. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, इतका शांत ग्राहक पुण्यात शोधून सापडायचा नाही, निघा.

११ फेब्रुवारी

पाच दिवस झाले. बाणेर, कोथरूड, कर्वेनगर. सातवा मजला, लिफ्ट, गच्ची, बाग. प्रत्येक बिल्डिंगखाली दार उघडून उभा राहतो आणि वॉचमन मला वेडा समजतात. सीट दबलेलीच. टॉवेल ओला, त्याला शेवाळाचा वास. एवढे नखरे नवीन लग्नाच्या जोडप्यांनीही केले नाहीत. सरांना सांगितलं, हे काम दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, कागदावर खाली 'माहिती सांगणे' असंही लिहिलंय, तू तोंड उघडत नाहीस म्हणून अडलंय.

१४ फेब्रुवारी

बिबवेवाडी. ऊन, ट्रॅफिक, डोकं फिरलं. मीच मागे न बघता बोललो, तुम्हाला फ्लॅट पटत नाही, मग आमच्यासारखं घर पुण्यात कुठून आणू? मातीच्या भिंती, लिंबाखाली बाज, मागे विहीर, द्वारका पाणी शेंदते. बोलत सुटलो, पार तिच्या लहानपणापर्यंत. मग एका तळमजल्यापुढे थांबलो तर दार आपोआप उघडलं. सीट वर आली. गाडी हलकी. दहा मिनिटं वाट पाहिली, खरंच हलकी.

सुटलो एकदाचा. खाली उतरलो, हात जोडले आणि सवयीने म्हणालो, या.

सीट परत दबली.

१५ फेब्रुवारी

हिंमतरावांना फोन केला. त्यांनी विचारलं, घराचं सांगितलंस, अन् वर 'या' म्हणालास? म्हणाले, आमच्या सात पिढ्यांनी त्याला 'या' म्हटलं न्हाय. कुणाच्या घरी बोलावलंस बाबा?

मी फोन ठेवला.

१६ फेब्रुवारी

कागदावर नवीन ओळ. जागा पसंत. मुक्काम मेहकर. अक्षर ना सरांचं, ना माझं.

चावी टेबलावर ठेवली, नोकरी नको म्हणालो. मी नेलं नाही तर ते जाणार कसं? आता गावीच जायचं नाही, कधीच. सर म्हणाले, स्वतःच्या घरी फुकट जायला मिळतंय आणि नाही म्हणतोय, असा ड्रायव्हर प्रथमच पाहिला.

१७ फेब्रुवारी

सरांनी चावी भैरूला दिली. दुसरा ड्रायव्हर. पहाटेच निघाला, मला दहा वाजता कळलं. त्याचा मोबाइल लागत नाही. शेजारी फोन उचलत नाहीत. चार वेळा. नऊ वेळा. सरांच्या पाया पडलो. म्हणाले, बुकिंग म्हणजे बुकिंग—

१८ फेब्रुवारी, सकाळ

लागला फोन. शेजाऱ्यांकडे द्वारकानेच उचलला. बरी हाय म्हणाली. भैरू काल येऊन गेला. चहा नाही, पाणी नाही, मागचं दार उघडं टाकून तसाच पळाला.

मायबद्दल विचारलं. झोपली म्हणे. कालपासून—

मग हसली. म्हणाली, बिबवेवाडीचा तळमजला बरा होता भाऊ, पण पाणी नळाचं. बाणेरची लिफ्ट तर मले अजिबात नाही आवडली.

द्वारका कधी पुण्याले आलीच नाही.

दुपार, शिवाजीनगर स्टँड

मेहकरची गाडी लागली. जाऊन राहिलो. तिले हाताले धरून बाहेर काढतो. खरी द्वारका मी वळखीन, लहानपणापासून—

पण मीच सांगतलं त्याले सारं. कशावर हसते, कशाले भेते, कोणत्या नावानं हाक मारली की दार उघडते—