दार अडवणारा गोळा आणि माझा अंगठा

ज्याच्या कृपेने आंधळ्यांना दृष्टी मिळते आणि डोळसांना लाज, त्या प्रभूचे स्मरण करून मी, अँब्रोज लिजेट, वय त्र्याऐंशी, लॅटिनचा निवृत्त शिक्षक आणि येथील चॅपेलचा पंचेचाळीस वर्षांचा उपदेशक, राहणार अपर चॅलकोट, परगणा विल्टशर, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कानांविषयी तसे म्हणवत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः १९८४ सालचे, कारण ते मी रागाच्या भरात लिहिले होते.

कलम पहिले. राहते घर, मागील बाग आणि नासपतीचे झाड माझी पुतणी हेस्टर हिला द्यावे. झाड तोडू नये. माझी दिवंगत पत्नी म्युरिएल त्याखाली बसून मटार सोलत असे, आणि माझ्याशी भांडून झाल्यावरही तिथेच बसत असे.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक चॅपेलच्या छपरासाठी वापरावी. ते माझ्याच बाकावर गळते.

कलम तिसरे. स्वयंपाकघरालगतच्या कोठीत उखळी तोफांचे एकशे बारा निकामी गोळे आणि त्यांच्या नाकावर बसून स्फोट घडवणारे, पण आता तेही निकामी, असे दोनशे चाळीस फ्यूज आहेत. हे सर्व चॅलकोट संग्राहक मंडळास द्यावे. प्रत्येकाखाली चिठ्ठी आहे : अंगावरचा रंग, पट्टा, ठोकलेली अक्षरे, साल, आणि तो रिकामा असल्याचा दाखला. हेस्टरने लक्षात ठेवावे की सैन्याच्या सरावाच्या पठारावर फिरताना एखादा गोळा दिसला, तर तो कितीही गरीब चेहऱ्याचा असो, त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. माझ्या कोठीत दाखल्यावाचून एकही गोळा आलेला नाही. म्युरिएल मात्र शेवटपर्यंत विचारी, "जॅमच्या बरण्या कुठे ठेवू, अँब्रोज? यांच्या मांडीवर?"

कलम चौथे. वरच्या फळीवर डावीकडे दोन इंची तोफेचा एक गोळा आहे. त्याखाली माझ्या अक्षरात 'जुळवलेली जोडी' अशी चिठ्ठी आहे. गोळा एकाचा आणि फ्यूज दुसऱ्याचा, असे मागाहून कोणी एकत्र बसवले की आम्ही संग्राहक त्याला जुळवलेली जोडी म्हणतो, आणि मग त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. ही चिठ्ठी खोटी आहे.

त्या गोळ्याचा फ्यूज तांबूस बेकलाइटच्या, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकच्या, टोपीचा आहे. युद्धकाळात पितळ वाचवण्यासाठी तो थोडेच दिवस बनवला गेला. मी तो एका जुन्या आराखड्यात पाहिला होता आणि एकतीस वर्षे शोधत होतो. तो सापडला विल्फ्रेड डॉन्सीला. डॉन्सी म्हणजे आमच्याच मंडळातला बसचालक, ज्याला फ्यूजवरचे रोमन आकडेही वाचून दाखवावे लागतात. १९७९ च्या एप्रिलात तो विधवा मिसेस पिंचिन यांची मोरी साफ करायला गेला. त्यांच्या दिवाणखान्याचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून हा गोळा टेकवलेला होता. त्याने सैन्याची माणसे बोलावून तो तपासून घेतला, दाखला मिळवला, आणि बाईंनी तो त्याला आनंदाने देऊन टाकला.

त्याच दिवाणखान्यात मी नऊ वर्षे, एकाआड एक गुरुवारी, बाईंसाठी प्रार्थना म्हणत आलो होतो. डोळे मिटून. डॉन्सीने तिथे प्रार्थना केली नाही. त्याने फक्त खाली पाहिले.

परक्याच्या द्राक्षमळ्यापायी अन्न टाकून भिंतीकडे तोंड करून निजलेल्या राजाची बायबलातली कथा मी अनेकदा सांगितली आहे. त्या आठवड्यात मी तसाच निजलो. म्युरिएल म्हणाली, "पोट बिघडलंय की डॉन्सी?" तिला डॉन्सीच्या विनोदांवर हसू येई. माझे विनोद तिला समजावून सांगावे लागत.

आमच्या मंडळाची रीत अशी, की नवी वस्तू टेबलाभोवती हातोहात फिरते आणि शेवटी सर्वांत जुन्या सभासदाच्या हाती येते. तो बोलेल ते वहीत उतरते. त्यावर दाद मागता येत नाही. तो सभासद मी होतो. गोळ्यावर आणि फ्यूजच्या कड्यावर कारखान्याच्या एकाच खेपेची तीच दोन अक्षरे ठोकलेली होती. जोडी जन्मापासून खरी होती. कड्यावरच्या अक्षरांवर मी अंगठा ठेवला, गोळा दिव्यापुढे फिरवला आणि म्हणालो, "जुळवलेली जोडी."

"नक्की ना?" डॉन्सीने विचारले.

"मी हे तुझ्या आधीपासून पाहतोय."

"मग तूच ठेव बाबा," तो हसला. "खोटं कसं ओळखायचं, ते नवख्यांना दाखवायला बरं."

एका संध्याकाळी 'खोटी साक्ष देऊ नको' ही नववी आज्ञा मोडली आणि 'शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नको' ही दहावीही. एकोणीस वर्षे मला हवे ते माझ्या घरात आहे, आणि मी ते कोणाला दाखवू शकत नाही. सबब, हा गोळा विल्फ्रेड डॉन्सी यास परत द्यावा आणि हे कलम माझ्या पश्चात मंडळाच्या सभेत वाचावे, म्हणजे ते ऐकायला मी नसेन.

कलम पाचवे. माझे भिंग आणि मापाची हत्यारे मंडळाच्या चिटणिसांना द्यावीत. पितळी ब्रश जाळून टाकावा. उमेदीच्या काळात त्याने मी एका फ्यूजवर ठोकलेले सालच घासून काढले होते.

कलम सहावे, सही करण्यापूर्वी वाढवलेले. आज साक्षीसाठी पोस्टातल्या मिसेस टकफील्ड वेळेवर आल्या. दुसरे साक्षीदार, आमचे पाद्री, गाडी बिघडल्याने आले नाहीत. तेवढ्यात डॉन्सी अंडी घेऊन दारात आला.

"दे इकडे पेन. मी करतो सही."

"तुझी चालणार नाही," मी म्हणालो.

"का? मला लिहिता येतं हो, पंडित."

ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष केली तर ते दान बुडते, असा कायदा आहे. पण कारण सांगणे म्हणजे सारेच सांगणे होते. मी पेन खिशात घातले. त्याने टोपली खाली ठेवली.

"गोळा खोटा म्हणालास. आता सहीपण खोटी का माझी?"

"मिस्टर लिजेट, काय ते सांगून टाका हो," मिसेस टकफील्ड म्हणाल्या. "मी पोस्ट उघडं टाकून आलेय."

मी चौथे कलम वाचले. चॅपेल भरून टाकणारा माझा आवाज 'अंगठा' या शब्दाशी अडला.

"एवढंच होय?" डॉन्सी म्हणाला. "अरे, मी तुझ्या डाव्या हाताला बसलो होतो. इतका दाबला होतास, की अंगठा पांढराफटक पडला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, याला एवढं हवंय तर नेऊ दे. घरी नेल्यावर चिठ्ठी बदलशील असं वाटलं होतं. दर नाताळला तुझ्या कोठीत डोकावायचो ते काय जॅम बघायला?"

मी खरे लिहितो. मला हलके वाटले नाही. मला हेवा वाटला. फ्यूज त्याने आधी पाहिला, माझे पाप त्याने आधी पाहिले, आणि क्षमासुद्धा, जिच्यावर मी आयुष्यभर प्रवचने दिली, त्यानेच आधी करून टाकली. मी एकोणीस वर्षे उशिरा पोहोचलो.

मी म्हणालो, "गोळा तुझा आहे. घेऊन जा."

"गोळा नको. ते कलम खोड आणि सही करू दे. तुझ्या अंगठ्याला मी एकटाच साक्षीदार होतो. ही सही माझ्या हक्काची आहे."

म्हणून चौथ्या कलमातील दान मी खोडून शेजारी माझी आद्याक्षरे घातली आहेत. गोळा इतरांबरोबर मंडळाकडे जाईल. चिठ्ठी मी आजच बदलली : 'खरी जोडी. शोधणारा, विल्फ्रेड डॉन्सी.' आणि ते कलम माझ्या पश्चात वाचायचे नाही. येत्या गुरुवारी सभेत मी ते स्वतः, उभा राहून, डोळे उघडे ठेवून वाचीन.

स्थळ : अपर चॅलकोट. दिनांक : ६ ऑक्टोबर १९९८.

सही : अँब्रोज लिजेट

आम्हा दोघांच्या समक्ष सही केली :
ऑल्विन टकफील्ड, पोस्टमास्तर
विल्फ्रेड डॉन्सी, बसचालक (निवृत्त)

हे जो कोणी वाचील त्याची नजर निर्मळ राहो, शेजाऱ्याचे भाग्य त्याला गोड लागो, आणि त्याचा हात कोणाच्या खऱ्यावर कधीही आडवा न येवो. आमेन.