वर केलेला हात

बाई,

आज सकाळी घरी सुक्या बोंबलांचं एक पुडकं आणि वाटीभर सोडे आले. किंमत घेतली नाही. माझ्या गळ्यात माळ, त्यामुळे पुडकं दारातूनच शेजारी गेलं. आणणारीला मात्र चहा दिला. ती माझ्या वर्गातली, खाडीकाठची, मासळी विकणारी. तुमच्यामागे देवळाच्या हॉलमधला बायकांचा इंग्रजीचा वर्ग मीच घेते, दुपारचा. पहिलं वाक्य अजून तुमचंच. हात वर करायचा आणि म्हणायचं, "आय हॅव अ क्वेश्चन."

तुम्ही मोहन्याहून रिक्षा बदलत यायचात. वर्गात मी एकटीच मॅट्रिक. कुणी अडखळली की तिचं उत्तर मीच देऊन टाकायची. एकदा डस्टर खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "अहो मॅट्रिक, त्यांची जीभ तुमच्याकडे गहाण ठेवलीय का?" सगळ्या हसल्या. मी आठवडाभर आले नाही.

परवा या बोंबीलवालीसोबत दवाखान्यात गेलेले. डॉक्टर नवे, मराठी जेमतेम. हिची गर्भपिशवी काढायची म्हणतात, आणि सांगतात सगळं मला, इंग्रजीत. तिच्याकडे बघतही नाहीत. माझ्या तोंडाशी 'येस डॉक्टर' आलेलंच. तेवढ्यात ती माझ्या मांडीवर चापट मारते. "तू गप गो. पिशवी माझी हाय का तुझी?" आणि हात वर करते. "डॉक्टर, आय हॅव अ क्वेश्चन. टेल मी, नॉट हर. मेडिसिन फर्स्ट, नो?" डॉक्टर खुर्ची वळवतात आणि तिच्याशीच बोलतात, सावकाश. तीन महिने गोळ्या, मग पुन्हा तपासणी. हे बोंबील त्याचेच.

तेव्हापासून तुमचा शेवटचा दिवस डोक्यातून जात नाही. कल्याणचं हॉस्पिटल, तुमच्या नाकातोंडावर मास्क. तुमचं आपलं असं कुणी नव्हतं, म्हणून उशाशी मी. मशीनवर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी इंग्रजीत मला विचारलं. तुम्ही शुद्धीत होतात. चादरीतून तुमचा हात वर आला. मी "येस डॉक्टर" म्हटलं, आणि तो हात परत चादरीत घातला. त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत.

तुम्हाला थंडी वाजत होती, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. थंडी वाजत नव्हती. तो हात कशाचा, ते मला कळलं होतं.

पाकिटावर घालायला पत्ता नाही, तेव्हा हे देव्हाऱ्याखालच्या खणात राहील. तरी काय विचारायचं होतं, तेवढं उलट टपाली कळवा.