चिनहटची व्हॅली

२० फेब्रुवारी १९९६
लायब्ररीतून कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीच्या कॉम्प्युटर उद्योगाचा इतिहास आणला. थक्क! तिथे एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर संध्याकाळी एकत्र बसून आपल्या अडचणी खुशाल सांगतात. नोकरी तर शर्ट बदलावा तशी बदलतात. आणि आमची इन्स्टिट्यूट? कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. देवघर आहे का? किल्ली साहेबांच्या खिशात, साहेब रजेवर. जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. किळस आली.
निश्चय: लखनौची संस्कृती बदलायची. सुरुवात महानगर कॉलनीतल्या आमच्या ड्रॉइंगरूमपासून.

१ मार्च, शुक्रवार
पहिली मुक्त बैठक. एअर फोर्समधून रिटायर झालेले रणजितराव आणि माझा ज्युनिअर अनुप आले. मी त्या पुस्तकातली दोन प्रकरणं वाचून दाखवली. मग अनुपचं रडगाणं: त्याच्या हिंदी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये छापताना मात्रा अक्षरापासून तुटतात. मला उपाय माहीत होता. सांगितला नाही. असल्या गोष्टी चहाबरोबर वाटायच्या नसतात. लोकांना सगळं आयतं हवं. शी!

१५ मार्च
रणजितराव अनुपला शहराबाहेरची, चिनहटची आपली रिकामी शेड देणार. दोघं मिळून कंपनी काढणार. मला म्हणाले, गोपीनाथराव, तुम्हीही या की. म्हटलं, आलोच समजा. राजीनामा मनात तयार आहे. फक्त एप्रिलमधला प्रमोशनचा इंटरव्ह्यू होऊ दे.
बायको, सुहासिनी, नुसती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत गणित शिकवून बायका भित्र्या होतात.

१२ एप्रिल
इंटरव्ह्यू पुढे ढकलला. सबब राजीनामाही. बैठकीला कोणी फिरकलं नाही. लखनौच्या माणसांना सातत्य म्हणून नाही. दोघंही मूळचे अमरावतीचे, पण इथलं पाणी लागलंच.

३ मे
अनुपचा फोन. मात्रा जमल्या. त्याचा उपाय ऐकला. माझ्या उपायापेक्षा फारच सोपा आहे. म्हणजे उथळ. अमीनाबाद बाजारातल्या एका छापखान्यानं प्रोग्रॅम घेतलासुद्धा. कशाला, तर लग्नपत्रिका छापायला! क्रांतीचं हे असं मातेरं.

१० मे
सुहासिनीनं शाळा सोडली. सोमवारपासून चिनहटला जाणार, पार्टनर म्हणून. मला न विचारता? म्हणाली, दोनदा सांगायला आले होते, तुम्ही मोठ्यानं वाचत होतात.
दिवसभर बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नसावं.

७ जून, शुक्रवार, दुपार
शुक्रवारची बैठक आता चिनहटला भरते. इतर कंपन्यांचीही माणसं येतात म्हणे. सावनीला मराठी सगळं कळतं, पण स्वतःच्या बापाशी बोलणार हिंदीत. रिक्षा दारात उभी करून म्हणाली, बाबा, आप भी चलिए ना, बस वहाँ किताब मत पढ़िएगा.
म्हटलं, मला वेळ नाही.
मायलेकी गेल्या. मी पंखा फुल करून कॉटवर पडलो. रिक्षा कोपऱ्यावर थांबल्यासारखी वाटली, म्हणून उठून बसलो. शेजाऱ्यांची होती.