घर बघायला गेलो आणि आई झोपली

आदरणीय दाजी,

वाकून नमस्कार. गुडघा सुजलेला असताना वाकलोय, तेव्हा तो किती मनापासून आहे हे तुम्ही जाणालच. तुमचं पित्त काय म्हणतंय? ताईचा खांदा आता वर जातो का, की वरच्या फळीवरचे डबे अजून तुम्हालाच काढून द्यावे लागतात? आम्ही इकडे सगळे मजेत आहोत. हे वाक्य मी गेले कित्येक महिने फोनवर सवयीने म्हणत आलोय. आज पहिल्यांदाच ते खरं आहे, म्हणून लेखी देतोय. जीव भांड्यात पडलाय आणि तिथून बाहेर यायची त्याची इच्छा दिसत नाही.

बाबा गेल्यावर आईला आम्ही आमच्याकडे चौदाव्या मजल्यावर आणलं, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लिफ्टची मोटर तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे घरघरते, आणि पायाखाली जमीन आहे असं वाटतच नाही, असं ती एकदाच म्हणाली होती. नंतर तेही म्हणेनाशी झाली. रात्री आमची झोप मोडू नये म्हणून ती इतक्या हळू फेऱ्या मारते, की त्या हळू पावलांनीच आम्ही दोघं जागे होतो. डॉक्टर झाले, तीन प्रकारच्या उशा झाल्या. तुला काय हवंय असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, तुम्ही म्हणाल तसं. (हे ऐकायला गोड वाटतं. पण ज्याला ते रोज ऐकावं लागतं, त्याने म्हणायचं तरी काय?) शेवटी ताईने परस्पर ठरवून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून आई तुमच्याकडे. खोली रंगवली, पलंग आणला, तिकीट काढलं. तुमचा मजला एकविसावा, ही आठवण ताईला करून द्यायची माझी छाती झाली नाही. तेवढ्या दिवसांत जमिनीवरचं एखादं घर मिळालं तर मिळालं, नाहीतर आई आणखी सात मजले वर जाणार, अशी वेळ आली होती.

तर घर. एकमजली, वयाने माझ्याएवढं, आणि तब्येतीनेही. वस्ती जुनी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं वर जाऊन एकमेकांना भेटलेली, त्यांच्या मुळांनी फुटपाथच्या फरशा उचललेल्या, आणि दर दोन फाटकांआड एक निवृत्त माणूस झारी घेऊन उभा. मी गाडी मागेपुढे करून लावेपर्यंत समोरच्या गृहस्थांनी एकाच झुडपाला इतकं पाणी घातलं, की ते बिचारं आडवं झालं. आपण इथे बघायला आलोय तसे बघितलेही जातोय, हे ओळखून मी शर्ट आत खोचला.

दार उघडलं घरमालकीणबाईंनी. मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या सिस्टर आहेत. त्यांनी आईला, हिला आणि मला उंबऱ्यावरच सांगून टाकलं, की तुमच्या मागोमाग एक बिल्डर येतोय, तो तुमच्यापेक्षा जास्त देणार आहे, घर पाडणार आहे, आणि माझा मुलगा म्हणतो त्यालाच द्या. इंजेक्शन दुखणार आहे हे सांगतात ना, अगदी त्या आवाजात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईने फक्त मान डोलावली आणि मागच्या खोलीत खिडकीशी एक वेताची खुर्ची होती, तिच्यात जाऊन बसली.

आता तुमच्या सूचना. तुम्ही इंजिनियर, मी चष्मेवाला. वाकडी फ्रेम मी लांबून ओळखतो, भिंत नाही. म्हणून तुम्ही फोनवर सांगितलेलं सगळं मी पाठ करून गेलो होतो. भिंती ठोकून बघ, सगळे नळ एकदम सोड, प्रत्येक दार आपटून बघ, जमिनीवर गोटी सोडून उतार बघ. मी मोठ्या उत्साहाने पहिली भिंत ठोकली, दुसरी ठोकली, आणि तिसरीवर मूठ उगारली तर ही दारातून ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे येत होती. आई झोपली होती. मान एका बाजूला, हात मांडीवर सैल. दाजी, मी होतो तिथेच भिंतीला टेकलो. मला रडू आलं, तुमच्यापासून काय लपवायचं. (भिंतीला ओल होती. शर्टाला पाठीमागून पोपडे चिकटले, त्यामुळे तुमची तीही तपासणी उरकली.)

तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी आईचं मनगट हातात घेतलं, घड्याळाकडे बघितलं, आणि खालच्या आवाजात हुकूम सोडला, की झोपलेल्या माणसाला या घरात कोणी उठवत नाही, चपला काढा. पुढची सगळी पाहणी आम्ही अनवाणी आणि खुणांनी केली. नळ मी दोऱ्याएवढा सोडला. तो दोऱ्याएवढा आला, यावरून पाण्याचा जोर कसा आहे ते तुम्हीच ठरवा. दारं आपटायची ती मी दोन्ही हातांनी धरून मिटवली. न्हाणीघराचं दार खाली घासतं हे कळलं, कारण त्याने आवाज केला आणि सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दाराच्या वतीने माफी मागितली. गोटी फरशीवर वाजेल म्हणून गालिच्यावर सोडली. ती जागची हलली नाही. घर अगदी समतल आहे अशी मी मनात नोंद केली. खिडकीवरच्या भेगेत तुमच्या सांगण्याप्रमाणे व्हिजिटिंग कार्ड घालून पाहिलं, ते आत गेलं आणि परत आलं नाही. (पुढेमागे कोणी ती भिंत पाडलीच, तर त्याला माझ्या दुकानाचा पत्ता मिळेल.)

आणि मग बिल्डर आला. जाड बूट, जाड आवाज, कमरेला मोठी टेप. सिस्टरांनी त्यालाही बूट काढायला लावले, तिथेच तो निम्मा उतरला. क्रेन कुठून आत येईल हे बघायला तो थेट मागच्या खोलीत शिरला आणि आईला पाहून थबकला. या कोण, असं त्याने विचारलं. सिस्टरांनी आईच्या अंगावरची शाल नीट केली, भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डात घुसलेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या,

“त्या ना? त्यांना हलवता येणार नाही.”

नेमकी त्याच वेळी आई घोरली. साधंसुधं नाही, खिडकीची काच थरथरली. बिल्डरने मला हळूच विचारलं, तुम्ही कोण. मी खरं तेच सांगितलं, की मी यांचा मुलगा. आणि या? ही म्हणाली, मी सून. त्याने आमच्या अनवाणी पायांकडे पाहिलं, हिच्या हातातल्या चहाच्या कपाकडे पाहिलं (सिस्टरांनी दिलेला), आणि आवाज होऊ नये म्हणून टेप बोटांनी ढकलत ढकलत आत घेतली. म्हातारी भाडेकरू, तिचा मुलगा, तिची सून, सगळं बिऱ्हाड पाय रोवून बसलंय, असा त्याचा समज झालेला अगदी तोंडावर दिसत होता. तो दूर करणं माझं कर्तव्य होतं हे मला मान्य आहे. पण आई झोपलेली असताना बोलायचं नाही असा हुकूम होता, आणि मी हुकूम पाळणारा माणूस आहे. त्याने फाटकातूनच सिस्टरांच्या मुलाला फोन लावला, आतली माणसं आधी बाहेर काढा मग बोलू असं बजावलं, आणि पाय काढता घेतला.

आई उठली ती उन्हं उतरल्यावर. उठल्या उठल्या विचारलं, घर बघून झालं का. तोवर सिस्टर मुलाशी बोलून मोकळ्या झाल्या होत्या. बिल्डर पुन्हा यायचा नाही हे त्यालाही दिसत होतं, आणि आपल्या आईचं, म्हणजे सिस्टरांचं, सामान किती आहे याची चौकशी त्याने स्वतःच केली म्हणे. बयाणा दिला. कागद पुढच्या आठवड्यात होईल. छप्पर एका कोपऱ्यात गळतं, वायरिंग जुनं आहे, सांडपाण्याचं झाकण झाडाच्या मुळाने वर उचललंय. किंमत रास्त आहे की नाही हे तुम्ही येऊन सांगा, मी काही त्या वाटेला जात नाही. माझी आई त्या घरात झोपली, एवढंच माझ्याजवळ मोजमाप आहे आणि मला ते पुरलं.

ताईला नमस्कार. पित्त सांभाळा.

तुमचा,
एकुलता एक मेहुणा

ता. क. खरं म्हणजे हे पत्र ताईला लिहायला हवं होतं, पण तिला मी लहानपणापासून वचकून आहे. तिने रंगवलेली खोली, आणलेला पलंग, काढलेलं तिकीट, हे सगळं रद्द झालंय हे तिला तुम्हीच सांगा. कोणत्या बाजूने जायचं आणि कोणत्या दाराने निसटायचं हे इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला कळलंच असेल. जेवण झाल्यावर सांगा. जमल्यास घर तुम्हीच पास केलंत असं म्हणा. मी जन्मभर उपकार विसरणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी मी चहा घ्यायला उठलो, तेवढ्यात आईने चष्मा लावून सगळं वाचलं. यात खोटं लिहिलंय म्हणते. पेन तिने माझ्या हातातून घेतलंय, पुढचं अक्षर तिचं.

चि. जावईबापूंना अनेक आशीर्वाद. हा लिहितो तशी मी काही झोपले नव्हते. याची ठकठक ऐकवेना म्हणून नुसते डोळे मिटले होते. सिस्टरांनी मनगट धरलं आणि हळूच दाबलं. झोपेची सोंगं बघण्यात त्यांचा जन्म गेला, त्यांना काय कळायचं राहतंय. त्यांनी दाबलं म्हणून मीही त्यांचं बोट दाबलं. ते घोरणं मुद्दाम काढलं होतं. तुमच्या सासऱ्यांचं ऐकून ऐकून पाठ झालंय. तो टेपवाला गेला की उठणारच होते, पण तिथे जमिनीजवळ इतकं बरं वाटलं, की सोंग करता करता खरोखरच लागली. हे गेल्यापासून पहिल्यांदा. लेकीने खोली जीव लावून केली असणार, पण मला इथे राहायचंय. आजवर तुम्ही म्हणाल तसं म्हणत आले, आता माझं मी म्हणते. तुम्ही तिला काही सांगायला जाऊ नका, उगीच मधल्या मध्ये सापडाल. मीच सांगेन. तिला एवढंच म्हणा, की नव्या घरी दुपारचा फोन करत जाऊ नकोस, आई झोपलेली असते.