रिसीव्हरमध्ये माझं नाव नाही

प्रिय ताई,

रविवारी कॉलेजातल्या इलाने माझ्या नावावर काट मारली आणि माझी टीमच सुटली. घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे, जेवतो वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे? मी कॉलेज सोडलंय हे तिला अजून सांगू नकोस.

माझा मित्र नकुलच्या घरी आम्ही सगळे फुटबॉलची टीम निवडत होतो. इथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक बॉल फेकतो आणि रिसीव्हर धावत जाऊन झेलतो. मी रिसीव्हर. कॉलेज सुटल्यापासून इला दिसते ती फक्त खेळाच्या मैदानावर, म्हणून मला टीममध्ये राहायचंच होतं.

“क्वार्टरबॅक इला. विषय संपला,” मी म्हणालो.

“राधिकाचा थ्रो लांब जातो यार,” नकुल म्हणाला.

“जातो ना! पण कुणाच्या हातात येतो का कधी?” मी ओरडलोच. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

इला शांतपणे म्हणाली, “तू सोडून सगळ्यांच्या हातात येतो. शार्दूल, तू फक्त माझेच बॉल झेलतोस. क्वार्टरबॅक राधिकाच हवी, आणि रिसीव्हरमध्ये तू नकोस.”

खरंच होतं ते, ताई. राधिका बॉल फेकते तेव्हा मी इलाकडे बघत असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी हसलंसुद्धा नाही.

“बस रे, पिझ्झा येतोय,” नकुल म्हणाला.

“तुम्हीच गिळा,” म्हणालो, जाकीट उचललं, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

तुझाच,
शार्दूल