विचारून सांगते

प्रिय आक्का,

निलंग्याच्या स्टँडवर बसून लिहितेय. सर्वेक्षणाच्या कोऱ्या फॉर्मच्या मागच्या बाजूला, कारण पिशवीत दुसरा कागद नाही. तू गेल्याला दोन वर्षं होत आली आणि मी आज पहिल्यांदा तुला पत्र लिहितेय, तेही हात मोकळे राहिले तर नखं कुरतडत बसेन म्हणून!

तीनला नांदेडची शेवटची गाडी आहे. तुझ्या शिवलीलाचा नांदेडला बांधकामाच्या डिप्लोमाला नंबर लागलाय. उद्या दुपारच्या आत तिनं स्वतः कागद दाखवले नाहीत, तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार. तिला न्यायला मी लातूरहून आलेय. सकाळी फोन केला, "निघालीस का गं?" तर म्हणाली, "मावशी, बाबांना विचारून सांगते."

आक्का, अगदी तुझा आवाज! शेवटच्या शब्दाला तसाच खाली जाणारा.

मी घरी का गेले नाही म्हणशील. तिनंच बजावलं होतं, "तू येऊ नको. तू आलीस की तू आन् बाबा भांडत बसताव, आन् माझं राहून जातंय." पोरगी खोटं नाही बोलली. गेल्या आठवड्यात दाजी मला म्हणाले, "निलंग्यात कॉलेज हाय की! घरी गाडी हाय, मोबाईल हाय, खायाप्यायला हाय. काय कमी हाय तिला?" मी म्हणाले, "आक्कालाबी काय कमी होतं?" त्यावर ते उठून दुकानात गेले. शिवलीला दोघांचे चहाचे कप उचलून आत गेली. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

पण हे "हाय, हाय" मी त्यांना कोणत्या तोंडानं ऐकवू? माझं सगळं पोट त्या शब्दावर चालतं. घरोघर फिरायचं, लोकांचं राहणीमान मोजायचं. बँकेत खातं आहे का, मोबाईल आहे का, दुचाकी आहे का, दवाखाना जवळ आहे का. आहे म्हटलं की बरोबरची खूण करायची.

तुझ्या घरचा फॉर्म मीच भरला होता. तू शेंगा फोडत बसली होतीस आणि मी साहेबिणीसारखी पेन घेऊन समोर. केवढी हसत होतीस माझ्या थाटाला! दुचाकी? हाय. ती तुझ्याच नावावरची स्कूटी, कव्हर घालून अंगणात उभी. माहेरी असताना रेणापूरला सायकल दामटत शाळेत जाणारी तू, पण ती स्कूटी तू कधी बाहेर काढलीस? मी विचारलं नाही. फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता.

मग दवाखान्याचं आलं. तू म्हणालीस, "हाय गं जवळच. पण..."

आणि मी काय म्हणाले, आठवतंय? "'पण' लिहायला रकाना न्हाई, आक्का. हाय का न्हाई तेवढं सांग." तू पुन्हा हसलीस. म्हणालीस, "हाय." मी खूण केली. तुझं घर 'उत्तम'मध्ये बसलं आणि मला बरंसुद्धा वाटलं, माझी बहीण सुखात आहे!

त्या दिवशी छातीतली गाठ तुला लागलेली होती. हे मला तू गेल्यावर कळलं, शेजारच्या बाईकडून. त्या 'पण'च्या पुढं गाठच होती का गं? का सांगितलं नाहीस रेटून? माझ्याशी चिंचेच्या बोटकासाठी भांडायचीस, तेव्हा काही गप्प बसत नव्हतीस!

शेजारणीनं दोनदा म्हटलं, चल माझ्यासंगं दवाखान्यात. तू दोन्ही वेळा म्हणालीस, विचारून सांगते. आधी नवरात्र होतं. मग सोयाबीनचा हंगाम, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मग धाकट्या दिराचं लग्न. दाजींचं जेवण झालेलं असावं, चेहरा मोकळा असावा, घरात चार माणसं नसावीत, मग विचारावं. असा मुहूर्त शोधता शोधता आठ महिने गेले.

दाजी वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तुला कधी नाही म्हटलं नाही. तिसऱ्याच्या दिवशी भिंतीला डोकं टेकून लेकरासारखे रडत होते, "एकदा म्हनली असती तर मी कवाच न्हेलो असतो की!" खरंच नेलं असतं त्यांनी. म्हणून तर माझी तडफड होते. ज्या दाराला कडीच नव्हती, त्याच्यासमोर तू इतके दिवस परवानगीसाठी उभी राहिलीस. आणि दार उघडंय हे तुला सांगायला दाजींनाही कधी सुचलं नाही.

तेव्हापासून बायका "विचारून सांगते" म्हणाल्या की मी समासात पेन्सिलीनं लिहिते, 'विचारून'. आमचे सर खोडतात. "मंगलताई, घरात काय हाय ते मोजायचंय. कोण कुणाला विचारतंय ते न्हाई." मी मान हलवते. दुसऱ्या गावात पुन्हा लिहिते. पेन्सिलीनंच, नोकरीची भीती आहे ना! मी तरी कुठली शूर?

अडीच वाजले. फोन लावला, तिनं उचलला नाही.

पावणेतीन. नांदेडची गाडी लागलीय. कंडक्टरला म्हटलं, पोरगी येतेय, जरा थांबा. तो म्हणाला, "ताई, गाडी तिला इचारून सुटत न्हाई." त्याला काय माहीत, पण त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. आक्का, ती नाही आली तर? तर मी पुढच्या वर्षी तिचाही फॉर्म भरायचा, आणि सगळ्या खुणा बरोबरच्या?

(आता गाडीतून लिहितेय. अक्षर नाचतंय, सांभाळून घे.)

तीनला पाच मिनिटं कमी होती. फाटकातून तुझी स्कूटी आत आली. कव्हर काढलेली, धूळ तशीच. चालवत होती शिवलीला, दात-ओठ खाऊन, दोन्ही पाय जमिनीला घासत. आणि मागं, मांडीवर तिची बॅग धरून, तोंड एवढंसं करून बसलेले दाजी!

मी धावतच गेले. "विचारलंस?"

"न्हाई मावशी," ती धापा टाकत म्हणाली. "सांगितलं. म्हनलं, मी चालले."

दाजी खाली उतरले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "चावी घेऊन निघालीच की ती! मग म्हनलं, बॅग कोन धरनार." त्यांनी खिडकीतून बॅग सीटवर ठेवली, दोनदा दाबून बघितली. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीचा गज धरून मला म्हणाले, "परत कवा येनार हाय ही?"

आक्का, मी म्हणाले, "तिला विचारून सांगते."

मग त्यांनी गज सोडला. फाटकाबाहेर वळलो तरी ते तिथंच, तुझ्या स्कूटीला हात लावून उभे होते. मला त्यांचा राग आला नाही.

शिवलीला माझ्या खांद्यावर झोपलीय. उद्या काय होईल, ती टिकेल का, दाजींचा फोन येऊन आमचं पुन्हा वाजेल का, मला माहीत नाही. तुला एकच शब्द देते. यापुढं ज्या दारात फॉर्म घेऊन बसेन, तिथं कुणी "हाय, पण" म्हटलं की पेन खाली ठेवीन आणि पुढचं सगळं ऐकेन. समासात लिहीन, शाईनं. सर काय म्हणायचं ते म्हणोत.

तुझं मात्र ऐकलं नाही गं मी.

हाय का न्हाई एवढंच विचारणारी, तुझी धाकटी,
मंगल