‘बहुधा’ला कोड नाही

प्रिय नवरोबा,

पाकीट बघून भुवया उंचावल्या असतील. रोज फोनवर बोलणाऱ्या बायकोला हे काय सुचलं? थांब, सांगते. आधी घरचं ऐक. बाबांचा गुडघा आता बरा आहे. परवा जिना चढून वर आले, तुझ्याच खुर्चीत बसले आणि तू तिकडे बांधतोयस तो पूल कुठवर आला ते खोदून खोदून विचारत राहिले. लेकीने तुझा निळा स्वेटर ढापलाय, बाह्या दुमडून घालते. मी रागावले खरी, पण ती पाठमोरी उभी राहिली की क्षणभर तूच वाटतोस. तुझी उशी मी अजून भिंतीकडेच ठेवते. हसू नकोस.

माझं काम तेच. हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत दोन स्क्रीन. एकीवर डॉक्टरांनी लिहिलेलं, दुसरीवर मी लावायचा कोड, म्हणजे त्या आजाराचा ठरलेला नोंदणी क्रमांक. तू मला इन्स्पेक्टरीण म्हणतोस ते काही उगाच नाही. आज सकाळी एका माणसाचे ओपीडीचे कागद आले. तुझ्याच वयाचा, शौचातून रक्त जातं म्हणून आलेला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘बहुधा मूळव्याध’. शेजारची मैत्रीण म्हणाली, लाव मूळव्याधीचा कोड आणि हो मोकळी. पण ओपीडीच्या कागदावरच्या ‘बहुधा’ला कोड नसतो. तपासणीत कारण सापडेपर्यंत जे दिसलं तेवढंच नोंदवायचं. मी ‘गुदमार्गातून रक्तस्राव’ एवढंच नोंदवलं. रोजचंच काम, पण आज पुढचे कागद उघडायला हातच होईना. त्या माणसाच्या घरी कोणी पाठीस लागणारं असेल का, हेच डोक्यात घोळत राहिलं.

रविवारी तू हसत हसत म्हणालास, “थोडं रक्त जातं गं, मूळव्याध असेल.” आणि लगेच लेकीच्या परीक्षेवर घसरलास. मीही हसले. त्यानंतर दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा उडवून लावलास. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र मध्येच तोडता येत नाही. तू निघालास तेव्हा मी शब्द दिला होता की काम संपेपर्यंत ‘घरी ये’ म्हणणार नाही. इतके दिवस ते जिभेवर आलं की गिळत आले. आज तो शब्द मोडते. भीती वाटते म्हणून मोडते आणि तुझ्यावाचून करमत नाही म्हणूनही. त्यातलं जास्त काय, ते मला ठरवता येत नाही. आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी तुझं नाव आमच्याच हॉस्पिटलात घालून ठेवलंय. मूळव्याधच निघाली तर जन्मभर चिडव, मी ऐकून घेईन. पूल तुझ्यावाचून पुरा होईल रे. माझं तसं नाही. ये.

तुझीच,
इन्स्पेक्टरीणबाई